भट्टी परत कधी सुरू होणार?

26 ऑगस्ट 2022 रोजी फ्रान्समध्ये पुढच्या वर्षाच्या विजेचा वायदा मेगावॉट-तासाला एक हजार युरोंच्या वर गेला. आपल्या हिशेबाने युनिटला सुमारे 80 रुपये! वर्षभरापूर्वी असाच वायदा शंभर युरोंच्या आत होता. रशियाचा गॅस आटला, हे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण गॅसवर कितीतरी जास्त विसंबलेल्या जर्मनीतला वायदाही त्या दिवशी फ्रान्सच्या खालीच होता. फ्रान्सचे दुखणे वेगळे होते, आणि ते पोलादी नळ्यांच्या जोडांत सापडले होते.

2021 मध्ये सिव्हो येथील एका अणुभट्टीची दर दहा वर्षांनी होणारी सखोल तपासणी चालू होती. आणीबाणीत गाभ्याला पाणी पुरवणाऱ्या नळ्यांवर श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडल्या, तेव्हा वेल्डिंगजवळ बारीक चिरा दिसल्या. धातूवरचा ताण आणि क्षरण एकत्र आले की गंज न चढणारे पोलादही असे तडकते. एकाच आराखड्याच्या भट्ट्या बांधल्या की खर्च वाचतो, कामगारांचा हात बसतो. पण दोष निघाला तर तो सगळ्या भावंडांत शोधावा लागतो. डिसेंबरात सिव्हो आणि शो या दोन केंद्रांतल्या त्याच जातीच्या चारही भट्ट्या बंद ठेवण्याचे ठरले. मग इतर आराखड्यांच्या भट्ट्याही तपासणीत आल्या. त्यात कोरोनाकाळात लांबलेली दुरुस्ती होती, आणि उन्हाळ्यात तापलेल्या नद्यांत गरम पाणी सोडण्यावर मर्यादा होत्या. ऑगस्टअखेर 56 पैकी 32 भट्ट्या बंद होत्या.

एरवी फ्रान्सची सुमारे 70 टक्के वीज अणुऊर्जेची. तिथली घरेही मोठ्या प्रमाणावर विजेवरच ऊबदार ठेवली जातात. हिवाळ्यात तापमान एक अंशाने उतरले की मागणी सुमारे 2,400 मेगावॉटने वाढते. घाऊक बाजारात त्या तासाची गरज भागवणारे सर्वांत महाग केंद्र सगळ्यांचा दर ठरवते. स्वस्तात चालणारी भट्टी रांगेतून गेली की तिची जागा गॅसकेंद्र घेते, आणि दर गॅसच्या भावाला जाऊन भिडतो.

म्हणून बाजाराला एकच गोष्ट हवी असते : भट्टी परत कधी सुरू होणार? 2011 च्या युरोपीय कायद्यानुसार कंपनीला ते जाहीर करावेच लागते. कोणता संच, किती मेगावॉट उपलब्ध, कधीपासून कधीपर्यंत, कारण काय. ही माहिती दडवून तिच्या आधारे सौदे करणे गुन्हा आहे. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो. बिघाडाची बातमी आधी कळलेला मूठभर लोकांचा गट त्यावर पैसा करू लागला, तर भुर्दंड शेवटी बिल भरणाऱ्याला बसतो.

जाहीर झालेली तारीख पाळली जाईलच, असे मात्र नाही. ईडीएफ या सरकारी कंपनीने 2022 च्या उत्पादनाचा अंदाज आधी 330 ते 360 अब्ज युनिट सांगितला. जानेवारीत तो 300 ते 330 वर आला, फेब्रुवारीत 295 ते 315, मे महिन्यात 280 ते 300. प्रत्यक्षात झाले 279. आदल्या वर्षी ते 361 होते. दरवेळी खाली येणारा अंदाज पाहून खरेदीदारांनी जाहीर तारखांवरचा विश्वास सोडला आणि भीतीची किंमतही भावात धरली. फ्रान्स 1980 नंतर प्रथमच विजेचा निव्वळ आयातदार झाला. हिवाळा सौम्य गेला, लोकांनी वापर आवरला, भारनियमन टळले. 2023 चा प्रत्यक्ष सरासरी दर शंभर युरोंच्या आतच राहिला. ऑगस्टमध्ये हजाराच्या भावाने करार केलेल्यांना त्याचा काय उपयोग?

जैतापूरला याच ईडीएफच्या तंत्रज्ञानाच्या, एकाच आराखड्याच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या. आपल्याकडे अणुविजेचा दर सरकार ठरवते, त्यामुळे फ्रान्ससारखा भडका लगेच उडणार नाही. पण एका भट्टीत दोष निघाला तर उरलेल्या पाचांचे काय करणार, आणि बंद संचाची खरी तारीख लोकांना त्याच दिवशी कळणार का, हे दोन प्रश्न रत्नागिरीकरांनी आणि आपण सर्वांनी करार होण्याआधीच विचारायला हवेत.