चावी घेताना केलेली सही: नव्या घराचा उशीर आणि पाच वर्षांची जबाबदारी

कोहक्यातून बोलतोय. आजचा विषय नागपूर, पुणे, बडोदा, इंदूर, सगळीकडच्या मराठी माणसाच्या कामाचा आहे, कारण कायदा केंद्राचा आहे. पण उदाहरणं मी माझ्या गावची देणार. मी वकील नाही. बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे भिंतही वाचता येते आणि बिल्डरचा कागदही.

ज्यांना भिलाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली भट्टी सुरू झाली. नागपूर, भंडारा, गोंदिया याच रेल्वेलाइनवर, त्यामुळे आपली पुष्कळ मंडळी कामाला इकडे आली आणि इथलीच झाली. नोकरीभर सेक्टरमधलं क्वार्टर. रिटायर झालं की ते सोडायचं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात येते आणि मग कोहका, जुनवानी, स्मृतिनगर या बाजूला घर शोधणं सुरू होतं. म्हणजे इथे घराला उशीर होतो तेव्हा क्वार्टरची मुदत संपलेली असते, पैसा बिल्डरकडे असतो आणि पुढचा पगार यायचा नसतो. माझ्या ओळखीच्या एका काकांनी मुलीच्या लग्नाची तारीख नव्या घराच्या भरवशावर ठरवली होती. शेवटी लग्न भाड्याच्या दोन खोल्यांतून झालं.

आता मुद्द्यावर येतो. घराच्या व्यवहारात दोन मीटर असतात. एक उशिराचं, दुसरं घरातल्या दोषांच्या जबाबदारीचं, ज्याला आपण वॉरंटी म्हणतो. रेराच्या, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १८ प्रमाणे करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर दोन रस्ते आहेत. घर नको असेल तर सगळा पैसा व्याजासकट परत. घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. आणि कलम १४ म्हणतं की ताब्याच्या दिवसापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींत दोष निघाला आणि तुम्ही तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता तो दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई.

दोन्ही कलमांत ‘ताबा’ हाच शब्द आहे, बघा. चावी घेताना तुम्ही ज्या कागदावर सही करता त्या सहीने पहिलं मीटर थांबतं आणि दुसरं सुरू होतं. छत्तीसगडमध्ये त्या हिंदी कागदावर बहुधा ‘आधिपत्य पत्र’ लिहिलेलं असतं. ‘राहायला या, उरलेलं काम होत राहील’ या प्रेमळ वाक्याचा अर्थ त्यातून कळतो. काम अर्धवट, नगर निगमचं पूर्णता प्रमाणपत्र नाही, पण कागदावर उशीर संपला आणि पाच वर्षांतले दिवस खर्च व्हायला लागले.

उशिराचा हिशेब करून बघू. समजा ३२ लाख भरलेत. व्याजाचा दर राज्याच्या नियमांत ठरलेला असतो, आपण हिशेबापुरता १० टक्के धरू. महिन्याला साधारण २६,६०० रुपये झाले. चौदा महिने उशीर म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास. ही रक्कम सोडून द्यायला बिल्डर तुम्हाला काय देतो? ‘स्वयंपाकघरात चिमणी लावून देतो.’ हसू नका, हे मी ऐकलेलं आहे. आणि लक्षात असू द्या, तुमचा हप्ता चुकला तर बिल्डर ज्या दराने व्याज लावतो तोच दर त्याच्या उशिरालाही लागतो. दोन वेगळे दर कायद्याला मान्य नाहीत.

कारणं ठरलेली असतात. इथलं लाडकं कारण म्हणजे ‘रेती बंद आहे’. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते हे खरं. पण पावसाळा दरवर्षी येतो आणि तारीख देताना बिल्डरला तो माहीत असतो. कायद्यात मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप आणि निसर्गाची तशीच आपत्ती धरली आहे. रेतीचा भाव त्यात कुठेच नाही.

आता कोहक्याच्या बाजूची खास गोष्ट. इथे फ्लॅटपेक्षा रो-हाउस आणि डुप्लेक्स जास्त विकले जातात, आणि त्यात व्यवहाराचे दोन तुकडे करायची पद्धत आहे. आधी प्लॉटची रजिस्ट्री, मग घर बांधून द्यायचा वेगळा करार, तो कधी कधी साध्या स्टॅम्पपेपरवर. रजिस्ट्रीचा खर्च कमी होतो म्हणून घेणाराही खूश असतो. पण वाद झाला की बिल्डर म्हणतो, ‘जमिनीचा ताबा तर तुम्हाला रजिस्ट्रीच्या दिवशीच दिला, मी फक्त ठेकेदार.’ म्हणून दोन कागद होणारच असतील तर बांधकामाच्या करारात घर पूर्ण करून सोपवण्याची तारीख, कार्पेट एरिया आणि प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक ही तिन्ही आली पाहिजेत. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे, हेही सांगून ठेवतो.

नोंदणी क्रमांकच नसेल तर? जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसेल किंवा एकूण घरं आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणी सक्तीची नाही. गल्लीत चार डुप्लेक्स काढणारा माणूस यात बसतो. पण आठाच्या वरची कॉलनी तुकड्यातुकड्यांनी ‘छोटी’ दाखवली जात असेल तर ते चालत नाही. कायदा सगळे टप्पे मिळून मोजतो.

प्रमाणपत्राशिवाय ताबा घेतला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. समृद्धी नावाच्या गृहनिर्माण संस्थेतल्या लोकांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र आलंच नाही. परिणाम असा की मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त, वर्षानुवर्षं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ‘तक्रारीची मुदत गेली’ म्हणून त्यांना परत पाठवलं. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. प्रमाणपत्र मिळवून न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत गेली असं म्हणता येत नाही, असा तो निकाल. चांगला निकाल आहे. पण १९९७ ते २०२२ हे अंतर मोजा, आणि त्यानंतरही रकमेचा निवाडा व्हायचाच होता.

म्हणून माझं मत सरळ आहे. प्रमाणपत्राची प्रत बघितल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नका. प्रमाणपत्र आल्यावर मात्र रेंगाळू नका, दोन महिन्यांत ताबा घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. क्वार्टर सुटलं, राहायला जाणं भाग आहे, अशी अडचण असेल तर सहीखाली आपल्या हाताने लिहा: ‘पूर्णता प्रमाणपत्र मिळालेले नाही, पुढील कामे अपूर्ण आहेत, विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून चावी घेत आहे.’ कामांची नावं लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. ‘माझी काहीही तक्रार नाही’ हे छापील वाक्य असेल तर ते खोडायला सांगा. तसं लिहून दिल्याशिवाय चावी नाही, हा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बंगळूरच्या एका प्रकल्पाच्या निकालात चुकीचा ठरवला आहे. ताबा घेतला किंवा विक्रीखत झालं म्हणून उशिराची भरपाई मागायचा हक्क जात नाही, असंही त्यात आहे.

आता भिंतीकडे. माझा आवडता भाग.

प्लास्टरवर केसासारख्या बारीक, जाळीदार रेघा येतात. त्या बहुधा सुकण्याच्या, त्यांची धास्ती नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वाढत जाणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. या भागात जिला ‘कन्हार’ म्हणतात ती काळी चिकण जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पूर्वीच्या धानाच्या बांधीवर पुरेसा पाया न घेता घर उभं केलं तर एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात ते बोलायला लागतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर तुमच्याकडे पुरावा आहे. फरशी नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर खाली मसाला नाही. गच्चीवर पाणी अडवून एक-दोन दिवस ठेवायला सांगा आणि खालून छत बघा. हे सगळं चावी घेण्याआधी करायचं.

नंतर दोष निघाला तर फोनवर सांगून थांबू नका. फोनला पुरावा नसतो, आणि ‘पाठवतो मिस्त्री’ यातच दोन पावसाळे जातात. मिस्त्री येतो, पुट्टी भरतो, रंग मारतो, पुढच्या श्रावणात ओल त्याच जागी हजर. ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने कळवा, त्यात ताब्याची तारीख, दोषाची जागा, फोटो आणि तीस दिवसांची मुदत लिहा. मिस्त्री येऊन गेल्यावरही लिहा की अमुक तारखेला वरवर काम झालं, दोष कायम आहे. गीझर, पंप, नळ यांच्या कंपन्यांची वॉरंटी वेगळी असते, तिची कार्डं चावीबरोबरच मागून घ्या. आणि तुम्ही स्वतः भिंत फोडून कपाट बसवलं असेल तर तिथली भेग बिल्डरच्या माथी मारता येणार नाही.

दाद कुठे मागायची? छत्तीसगडचं रेरा प्राधिकरण रायपूरला आहे, महाराष्ट्राचं महारेरा मे २०१७ पासून चालू आहे. पैसा परत आणि व्याज यांसाठी प्राधिकरण, भरपाईसाठी तिथलाच न्यायनिर्णय अधिकारी, हे दोन वेगळे अर्ज आहेत. गोंधळ झाला की महिने वाया जातात. नोंदणीत न येणाऱ्या छोट्या कामांना ग्राहक आयोग आहे, इथल्यासाठी दुर्गचा. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे तक्रार तुम्ही जिथे राहता तिथेही करता येते. आईबाबांसाठी कोहक्यात घर घेतलेला पुण्याचा मुलगा पुण्यात तक्रार करू शकतो. मुदत साधारण दोन वर्षांची असते, ती मनात धरा.

आदेश मिळाला म्हणजे पैसा मिळाला असं नाही, हेही सांगतो. बिल्डरने दिला नाही तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे फाइल कलेक्टर कचेरीत जाते, तिथून तहसीलदाराकडे. तिथे आदेशाची प्रत आणि बिल्डरच्या मालमत्तेची जमेल तेवढी माहिती, खसरा नंबरांसकट, घेऊन स्वतः जावं लागतं. पुन्हा पुन्हा जावं लागतं.