पानदान मोडीत घालण्याआधी

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखलं जाणारं शहर. त्याच शहरात आज जुनी पानदानं किलोच्या भावाने मोडीत जात आहेत. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो.

म्यानमार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढवली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्या देशाच्या पूर्वेला शान हा थेरवादी बौद्ध समाज राहतो. त्यांच्या चांदीच्या जुन्या पानपेट्या आता संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात. चांदीच्या पत्र्यामागे राळ भरून आधार द्यायचा आणि ठोकून ठोकून नक्षी उठवायची, अशी ही कारागिरी. अंगावर वेलबुट्टी, प्राणी, कधी जातककथेतले प्रसंग. आत पान, चुना, सुपारीसाठी छोट्या डब्या. पाहुण्यापुढे पेटी ठेवली की स्वागत झालं. म्यानमारमध्ये मुलगा श्रामणेर होतो तेव्हा मिरवणुकीत सजलेल्या तरुणी पानपेट्या घेऊन चालतात. म्हणजे धम्मसंस्काराच्या वाटेवरही पानाला मान आहे.

आपल्याकडे पानानेही जात पाळली. म्हातारी माणसं सांगतात, विडा हातावर ठेवत नसत, वरून टाकत. म्हणून धर्मांतरानंतरच्या पिढीने पै-पै जोडून घेतलेलं पितळी पानदान हे नुसतं भांडं नव्हतं. आपल्या ओसरीवर, आपल्या हाताने, बरोबरीने विडा देण्याची ती सोय होती.

पान खा, असं आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखू नसलेलं पान-सुपारीही कर्करोगकारक ठरवलं. आपल्या पोरांच्या खिशातल्या पन्नीत तर तंबाखू घोटलेला खर्रा असतो. सवय जाऊ द्या, पानदान राहू द्या.

शानांच्या अनेक पेट्यांवर घडवणाऱ्याचं नाव नाही. आपल्या पानदानांवर मात्र बहुधा एक नाव ठोकलेलं असतं, घेणाऱ्याचं. एका घरी झाकण चिंचेने घासलं, तेव्हा ठिपक्याठिपक्यांत आजीचं नाव उमटलं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, घरटॅक्सच्या पावतीवरही नव्हतं. ते पानदान दुसऱ्या दिवशी मोडीत जाणार होतं. आम्ही झाकणाचा फोटो घेतला, आजी कधी वारली ते विचारून वहीत लिहिलं. सुनेने पानदान परत फळीवर ठेवलं. आता त्यात ती सुईदोरा ठेवते.