तलवारीवरची अक्षरे

मी शाळकरी असताना एका खंडेनवमीला घरातील जुनी तलवार लखलखीत करण्याचे मनावर घेतले. चिंच आणि विटेची पूड घेऊन दुपारभर पाते घासले. शाबासकीच्या अपेक्षेने ते आजोबांच्या हाती दिले. त्यांनी पात्याच्या पाठीवरून बोट फिरविले आणि एवढेच म्हणाले, "इथे अक्षरे होती रे!"

त्या अक्षरांचे मोल मला फार उशिरा कळले.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. येथील कितीतरी मराठी घरांतून पूर्वजांची एखादी तलवार आजही नवमीला पाटावर येते. तिची पारख चकाकीवरून होत नाही. पाते आणि मूठ स्वतंत्रपणे पाहावी लागतात. कारण आपल्याकडे मूठ लाखेने बसवीत, आणि पाते एका काळाचे तर मूठ दुसऱ्या काळाची असू शकते. पोलादातील पाण्यासारख्या लहरींना जौहर म्हणतात. वेड्यावाकड्या घासण्याने त्या दिसेनाशा होतात. युरोपातून आलेल्या पात्याला आपल्या पूर्वजांनी 'फिरंग' हे नाव दिले.

नागपूरकर रघुजीराजे भोसले यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मिळविली. सुमारे ४७ लाख रुपये खर्च आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. पाते युरोपीय, एकधारी. ती रघुजीराजांची हे कशावरून ठरले? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत त्यांचे नाव, 'सेनासाहेबसुभा' हा किताब आणि 'फिरंग' हा शब्द लिहिला आहे, त्यावरून. कोणा उत्साही मुलाने ती ओळ घासून टाकली असती, तर?

या बाबतीत जपानी माणसांचा विवेक शिकण्याजोगा आहे. तेथील कारागीर आपले नाव मुठीआड दडणाऱ्या पात्याच्या शेपटावर कोरतो. त्या भागाला 'नाकागो' म्हणतात. पाते आरशासारखे ठेवतील. परंतु नाकागोवरील गंजास कोणी हात लावीत नाही. त्या गंजाच्या रंगावरून जाणकार तलवारीचे वय वाचतात. तो खरवडला की तलवारीची किंमत उतरते.

वाचकांना विनंती एवढीच, की नवमीला तलवार मऊ, कोरड्या फडक्याने पुसावी आणि तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. चिंच, लिंबू, राख, सहाणेचे चाक यांपासून ती दूर ठेवावी. अक्षरे दिसल्यास आधी त्यांचे छायाचित्र काढावे. शंभर वर्षांवरील अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परदेशी धाडता येत नाही, हेही ध्यानी असावे.

आमची तलवार अजून चमकते. ती कोणाच्या हातची होती, हे सांगणारे आजोबाही आता नाहीत आणि अक्षरेही नाहीत.