लंडनचा मैला कोण उपसत होते?

मध्ययुगीन शहर म्हटले की आपल्यापुढे एकच चित्र उभे राहते: माडीवरून घाणीचे भांडे रस्त्यावर रिकामे होत आहे आणि खालून जाणारा अंग चोरीत पळत आहे. असे होतच नसे असे नव्हे. पण लंडनचे जुने कागद पाहिले तर शेजारी ते मुकाट्याने सोसत नसत. १३१४ साली अ‍ॅलिस वेड नावाच्या बाईने आपल्या संडासाची लाकडी नळी सार्वजनिक गटाराला जोडली. गटार तुंबले, दुर्गंधी सुटली, शेजाऱ्यांनी तक्रार गुदरली आणि ४० दिवसांत नळी काढण्याचा हुकूम झाला. खड्डा दगडी बांधणीचा असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन फूट दूर, असाही नियम होता.

पण नियमाने खड्डा रिकामा होत नाही. तो उपसणाऱ्यांना ‘गाँग फार्मर’ म्हणत. ‘गाँग’चे मूळ ‘जाणे’ या अर्थाचे; आपण ‘परसाकडे जाणे’ म्हणतो, तशीच ही आडपडद्याची भाषा! १२८१ साली न्यूगेटच्या तुरुंगाचा खड्डा १३ माणसांनी ५ रात्रींत उपसला. दर रात्री माणशी ६ पेन्स मिळाले, म्हणजे नेहमीच्या मजुरीच्या तिप्पट.

हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले व थोडा वेळ तसाच बसलो. माझे आयुष्य मजुरीच्या हिशेबात गेले आहे. सफाई कामगारांसाठी हातमोजे मागावयास गेलो असता एका अधिकाऱ्याने मला विचारले होते, “पण यांना सवय असते ना?” लंडनचे धनी काही फार उदार नव्हते. एरवी माणसे मिळेनात, म्हणून त्यांना तिप्पट मोजावे लागे. आपल्याकडे माणसे जन्मानेच मिळत. जातीने बांधलेला माणूस दर कसा मागणार?

लंडनमध्येही मरण होतेच. १३२६ साली रिचर्ड नावाचा झाडूवाला स्वतःच्याच घरच्या संडासात बसला असता कुजलेल्या फळ्या मोडून खड्ड्यात बुडाला. कॉरोनरच्या दप्तरात त्याचे नाव आहे. आपल्याकडे हाताने मैला उपसण्यास १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायद्याने बंदी झाली, तरी माणसे गटारांत गुदमरतच राहिली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरविली. ती मागावयास गेले की पहिली अडचण नावाचीच येते. कंत्राटदाराच्या वहीत ते नसते.