पेटीच्या पाठीमागची दारं

चंडीगडचा ठरावीक सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब आखलेला आहे. योगायोग असा, की आरएस-४८५ या तारजोडणीची सांगितली जाणारी मर्यादाही १२०० मीटरच आहे. म्हणजे सेक्टरच्या एका टोकाला असलेल्या टेलिफोनच्या कुलूपबंद खोलीतली खबर, वेग कमी ठेवला तर, पीळ दिलेल्या दोन तारांवरून दुसऱ्या टोकाला पोचू शकते.

अशा खोल्यांत माणूस नसतो. शहराला लागूनच मोहालीत पंजाब कम्युनिकेशन्स, म्हणजे ‘पनकॉम’, ही १९८१ साली स्थापन झालेली कंपनी मल्टिप्लेक्सर बनवत आली. तीस संभाषणं एका २ मेगाबिटच्या प्रवाहात गुंफणारं हे यंत्र बसवून माणूस निघून जातो. मागं उरतात रेक्टिफायर, ४८ व्होल्टची बॅटरी बँक, एसी आणि जनरेटर. त्यांच्यावर नजर ठेवते ती अलार्मची पेटी. तिची खरी ओळख मागच्या पोर्टांवरून होते.

सर्वांत साधं दार ड्राय काँटॅक्टचं. हा स्वतःची वीज नसलेला स्विच. मेन्स गेली की रिले सुटते, दोन टोकं जुळतात किंवा तुटतात. पेटीला तेवढं पुरतं. यंत्र कोणत्या कंपनीचं, त्याची भाषा कोणती, हे विचारावंच लागत नाही. जुनाट रेक्टिफायर आणि काल आलेला एसी एकाच पट्टीवर शेजारी बसतात. जोडणाऱ्याचं शहाणपणही इथंच दिसतं. सगळं ठीक असताना मिटलेला आणि बिघाडात उघडणारा काँटॅक्ट घेतला, तर उंदरानं तार कुरतडली तरी अलार्म वाजतो. उलटा घेतला, तर तुटलेली तार आणि सुखरूप खोली यांत फरकच उरत नाही. साऱ्या यंत्रणेत मला ही निवड सर्वांत मोलाची वाटते, आणि तिला जादा पैसेही लागत नाहीत.

आरएस-२३२ हे १९६० चं दार. त्याची पोच साधारण १५ मीटर, एकास एक. तरीही ते काढून टाकू नये. नेटवर्क कोसळल्यावर खोलीत पोचलेल्या तंत्रज्ञाला लॅपटॉप जोडायला तेच उरतं. नव्या लॅपटॉपला तसं पोर्ट नसल्यामुळे पिशवीत कन्व्हर्टर मात्र हवा. १९८३ च्या आरएस-४८५ वर ३२ उपकरणं एकाच जोडीवर बसतात. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि फरक मोजताना वजा होतो. जनरेटरशेजारी हाच गुण कामाला येतो.

इथरनेटच्या दारातून बोली चालते एसएनएमपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची खबर घेण्याच्या ठरलेल्या नियमांची. देखरेख करणाऱ्या दूरच्या सर्व्हरचे प्रश्न पेटीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर येतात, अलार्मचे ‘ट्रॅप’ सर्व्हरच्या १६२ वर जातात. ट्रॅपची पोचपावती मिळत नाही. वाटेत हरवला तर हरवला. शिवाय ज्या फायबरवर लक्ष ठेवायचं त्यावरूनच अलार्म निघाला, तर फायबर तुटताच पेटी मुकी होते. म्हणून मोबाइल मोडेमची दुसरी वाट ठेवतात. सर्व्हरही ठरावीक वेळानं प्रत्येक पेटीला हाक मारत राहतो आणि ओ आली नाही, तर तेच अलार्म म्हणून नोंदवतो.