लहानग्या पिल्लाची स्वच्छतेची सवय

पॉमेरेनियन, चिवावा यांसारख्या अतिलहान जातींची कुत्री घरात स्वच्छता पाळावयास उशिरा शिकतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. याचा दोष पिल्लाच्या बुद्धीला देण्याचा प्रघात आहे; तो न्याय्य नव्हे.

जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई त्याच्या पोटाखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने ते घडते आणि मळही तीच चाटून नाहीसा करते. पुढे पायांत बळ आले, की पिल्लू निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. ही उपजत प्रवृत्ती हेच सर्व शिकवणुकीचे मूळ होय. माणसाने करावयाचे ते इतकेच, की निजण्याच्या जागेची सीमा हळूहळू सबंध घरापर्यंत वाढवीत न्यावयाची. परंतु किलोभर वजनाच्या जिवाला दिवाणखान्याचा पलीकडचा कोपरा म्हणजे परगावच! म्हणून आरंभी त्याला थोड्या जागेतच ठेवावे.

दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांहून अधिक काळ मूत्र रोखू शकत नाही. अतिलहान जातीचे त्याहूनही कमी. पोटात अन्न पडले, की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. यास्तव जेवणानंतर, झोपेतून उठताच आणि खेळ संपताच त्याला ठराविक जागी न्यावे. जमीन हुंगत ते गोल फिरू लागले, तर क्षणाचाही विलंब नको. कार्य उरकताच तेथेच खाऊचा कण द्यावा; घरात परतल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध त्याला उमगत नाही. मारण्याचा परिणाम उलटा होतो : पिल्लू माणसासमोर विसर्जन करणे टाळते आणि पलंगाखाली जाऊन करते. फरशी अमोनियायुक्त द्रवाने पुसू नये, कारण त्याचा वास मूत्राशी जुळतो.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारणतः चार महिन्यांपर्यंत, रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे. 1978 नंतर जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूने अशी असंख्य पिल्ले दगावली आहेत. तोवर वर्तमानपत्राचा कागद पुरेसा आहे.

घाण कमी व्हावी म्हणून काहीजण पिल्लाचे अन्न-पाणी तोडतात. हे जिवावर बेतू शकते. अतिलहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अल्प असतो. काही तासांच्या उपवासानेही रक्तातील साखर घसरून ते थरथरू लागते, झोकांड्या खाते, बेशुद्ध होते. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध चोळून त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.