किकचा दम कुठून येतो

‘किकला दम नाही’ ही इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मग हात आधी व्हॉल्यूमकडे जातो आणि तिथेच गाडी चुकते. पाय पडल्यापासून आवाज कानावर येईपर्यंत बऱ्याच गोष्टी घडतात, त्यात व्हॉल्यूमचा नंबर शेवटचा. आधी पेडल, मग पॅड, मग मॉड्यूलमधलं ट्रिगर सेटिंग आणि त्यानंतर आवाज, या क्रमाने गेलात तर हे एका बैठकीचं काम आहे.

हा क्रम का, ते पॅडच्या आत पाहिलं की कळतं. मेशच्या किंवा रबराच्या पृष्ठभागाखाली फोम असतो आणि त्याला लागून पिझो सेन्सर, म्हणजे सिरॅमिकचा थर दिलेली एक पातळ चकती. ठोका बसला की ती थरथरते आणि क्षणभर थोडा व्होल्टेज तयार होतो. मॉड्यूल त्या व्होल्टेजचं शिखर मोजतं आणि त्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतं. हीच व्हेलॉसिटी. चांगल्या मॉड्यूलमध्ये या आकड्याबरोबर नुसता आवाजाचा जोर बदलत नाही, त्याचा पोतही बदलतो. तुमचा जोरकस ठोका ७० वरच अडकत असेल, तर मॉड्यूल हलक्या हाताने वाजवलेल्या ड्रमचा आवाज काढतंय. तो कितीही मोठा केलात तरी हलकाच ऐकू येणार.

पेडलपासून सुरुवात करा. पॅडची कडा पेडलच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसली आहे आणि ठोक्याबरोबर स्टँड मागे सरकत नाही, एवढं आधी पाहा. सरकणारा पॅड ठोक्याचा जोर खाऊन टाकतो. बीटर पृष्ठभागावर सपाट, काटकोनात आदळायला हवा. सेन्सर बरोबर मध्यभागी असेल तर नेमक्या त्या बिंदूवर बसलेला ठोका प्रमाणाबाहेर मोठा वाजतो. बीटर किंचित वर किंवा खाली घेतला की फरक पडतो. डबल पेडल असेल तर दोन्ही बीटर मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर डावा पाय कायम कमजोर वाटत राहील आणि दोष उगाच पायाला मिळेल. मेशवर लाकडी बीटर वापरू नका, जाळी लवकर फाटते.

आता ‘फील’. तो दोन ठिकाणी ठरतो. एक स्प्रिंग: ताणली की बीटर झटकन परत येतो, पण पायाला जास्त जोर लावावा लागतो, सैल सोडली की पाय हलका चालतो, पण बीटर उशिरा परततो. दुसरा मेशचा ताण. ड्रम कीने समोरासमोरचे स्क्रू जोडीजोडीने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. जाळी फार सैल असेल तर बीटर आत रुततो आणि एका ठोक्याचे दोन वाजतात. फार ताणली तर तो उसळतो. माझं मत विचाराल तर थोडी घट्ट जाळी आणि मध्यम स्प्रिंग ही सुरुवातीला सगळ्यांत सोयीची जोडी. रबराच्या किंवा कापडी पॅडवर मात्र फील बदलायला स्प्रिंग आणि बीटर एवढंच हातात असतं.

पायाला बरं वाटू लागलं की मगच मॉड्यूल उघडा. तिथे पहिली गोष्ट ट्रिगर टाइप, म्हणजे कोणता पॅड जोडला आहे ते मॉड्यूलला सांगणं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडला किक पेडल जोडून वाजवणारे पुष्कळ आहेत. १९८५ सालच्या रोलंडच्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता, तो फक्त मिडी संदेश पाठवायचा. आजचे मात्र आवाजही देतात आणि बाहेरचा पॅडही घेतात. तो जोडताना ट्रिगर टाइप निवडायला विसरलात की पुढचं सगळं सेटिंग वाकडं जातं.

मग सेन्सिटिव्हिटी. मॉड्यूलच्या मीटरकडे पाहत गाण्यात खरोखर वाजवाल तेवढ्याच जोराने वाजवा. सर्वांत जोरकस ठोका १२७ च्या जवळ जेमतेम पोचला पाहिजे. प्रत्येक ठोका १२७ दाखवत असेल तर सेन्सिटिव्हिटी जास्त आहे, चढउतार मेले. थ्रेशोल्ड म्हणजे त्याखालचे धक्के न मोजण्याची सीमा. शेजारी पाय आपटला तरी किक वाजत असेल तर ती वाढवा, पण लगेच अगदी हलका ठोका वाजवून तो गिळला जात नाही ना, ते पाहा. कर्व्ह, म्हणजे ठोक्याच्या जोराला आकडा कसा द्यायचा ते सेटिंग, आधी लीनिअरच ठेवा; सेन्सिटिव्हिटी जमली नसताना कर्व्ह बदलणं म्हणजे दुखणं झाकणं.

ठोके दुप्पट वाजण्यावर मास्क टाइमचा इलाज आहे. एका ठोक्यानंतर तेवढे मिलिसेकंद मॉड्यूल दुसरा ठोका मानतच नाही. पण इथे हिशोब करा. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार ठोके वाजवले तर दोन ठोक्यांत जेमतेम ८३ मिलिसेकंद असतात. मास्क त्याच्या आसपास नेलात तर खरे ठोकेच गळतील. म्हणून आधी मेश आवळा, मग रिट्रिगर कॅन्सल, म्हणजे एकाच ठोक्याचे जादा आवाज रोखणारं सेटिंग, थोडं वाढवा आणि मास्क शक्य तितका कमी ठेवा.

आता आवाज. किकचा तळ बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो आणि लहान स्पीकरमधून तो नीट निघतच नाही. तिथे लेव्हल वाढवून स्पीकर फक्त फाटतो. त्यापेक्षा बीटरचा ‘टक’ ऐकू येईल असा आवाज निवडा किंवा वरच्या पट्टीतला ईक्यू थोडा उचला. हेडफोनवर ठरवलेली लेव्हल हॉलमध्ये तशीच ऐकू येत नाही, त्यामुळे कार्यक्रमाआधी साउंडवाल्यासोबत पुन्हा ऐका.

खालच्या मजल्यावर जाणारी धडधड मात्र कुठल्याच बटणाने कमी होत नाही. ती पेडलमधून फरशीत उतरणारी कंपनं असतात. पॅड आणि पेडल दोन्ही फोमच्या किंवा टेनिस चेंडूंवर तोललेल्या फळीवर ठेवले तर शेजाऱ्यांचा त्रास बराच कमी होतो.

बीटर बदलला, मेश नवी टाकली किंवा स्प्रिंगला हात लावला, तर सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड पुन्हा तपासा. जुने आकडे नव्या पृष्ठभागाला लागू पडत नाहीत.